गाडीच्या बॅटरीचा जमाखर्च

मोटारगाडीची चावी फिरवावी, आतून नुसता ‘टक्’ असा आवाज यावा आणि समोरच्या तबकडीवरील दिवे मलूल होऊन विझून जावेत, असा प्रसंग ओढवला की आपल्याकडील सर्वसामान्य वाहनधारक शेजाऱ्याच्या गाडीला जम्पर केबल लावून आपली गाडी कशीबशी सुरू करतो, तडक दुकान गाठतो आणि नवी बॅटरी बसवून घेऊन निश्चिंत मनाने घरी परततो. चार-सहा महिन्यांनी तोच प्रसंग पुन्हा आला म्हणजे मग तो बॅटरीच्या कंपनीला, दुकानदाराला आणि एकंदर आजकालच्या मालाला बोल लावू लागतो. परंतु जिला त्याने दोषी ठरविले त्या बॅटरीची कैफियत ऐकून घेण्याची तसदी त्याने पहिल्या वेळी घेतलेली नसते आणि दुसऱ्या वेळीही तो ती घेत नाही. वस्तुतः वारंवार उतरणारी बॅटरी पुष्कळदा दुसऱ्याच कोणाच्या तरी अपराधाची शिक्षा भोगत असते, आणि तो दुसरा कोण हे हुडकून काढण्यास काही शे रुपयांचे मल्टीमीटर, एक निवांत सकाळ आणि थोडा हिशेबीपणा एवढे साहित्य पुरते.

गाडीतील बॅटरी वीज निर्माण करते असा जो समज रूढ आहे तो आधी दूर केला पाहिजे. ती केवळ खाते आहे: इंजिन चालू असताना अल्टरनेटर तीत वीज जमा करतो, आणि सेल्फ, दिवे, भोंगा, घड्याळ, कुलूप ही मंडळी तीतून उचल करतात. शिशाच्या पट्ट्या सौम्य गंधकाम्लात बुडवून वीज साठविण्याची ही युक्ती गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली सिद्ध केली, आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा सेल्फ आल्यापासून हॅण्डल मारून इंजिन फिरविण्याचे मनगटतोड काम हळूहळू इतिहासजमा झाले. सहा घरांची, प्रत्येक घरात दोन व्होल्टांहून किंचित अधिक दाब असलेली ही पेटी पूर्ण भरलेली असताना १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखविते, १२.२ ला ती जेमतेम निम्मी उरलेली असते आणि ११.९ च्या आसपास तिचे खाते रिकामे झालेले असते. उचल चालू असता धन आणि ऋण अशा दोन्ही प्रकारच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटाचा थर चढतो आणि वीज जमा होऊ लागली की तो विरघळतो. मात्र बॅटरी दीर्घकाळ अर्धीमुर्धी राहिली तर त्या थराचे स्फटिक कठीण होऊन बसतात, मग कितीही वीज ओतली तरी ते हलत नाहीत, आणि खात्याची मर्यादाच कायमची आक्रसते. तुटीत राहिलेली बॅटरी लवकर मरते ती या कारणाने.

आता हे सगळे छत्तीसगडमधील भिलाई या पोलादनगरीच्या संदर्भात पाहण्याचे प्रयोजन असे की, बॅटरीच्या जमाखर्चाला प्रतिकूल अशा जवळजवळ सर्व गोष्टी या नगरात एकत्र आलेल्या आहेत. येथील पोलाद कारखान्याचा सोव्हिएत रशियाशी करार झाला तो २ फेब्रुवारी १९५५ रोजी, म्हणजे भिलाईचा दुर्ग जिल्हा ज्या राज्यात मोडत होता त्याची राजधानी नागपूर होती त्या काळात. आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, तेव्हा प्लांते यांच्या शोधाला शंभर वर्षे होत होती, हा अर्थातच निव्वळ योगायोग. विदर्भातून नोकरीसाठी आलेली मराठी कुटुंबे येथेच रुजली, आणि कारखान्याच्या कर्मचाऱ्यांसाठी जी सेक्टरांची वसाहत आखली गेली तिची रचना इतकी सोयीची झाली की शाळा, सिव्हिक सेंटरचा बाजार, सेक्टर ९ चे रुग्णालय, कारखान्याचे फाटक, सारे काही घरापासून चार-पाच किलोमीटरांच्या आत आले. माणसाच्या दृष्टीने हे सुख आहे. बॅटरीच्या दृष्टीने मात्र ही उपासमार होय, कारण सकाळी सहाच्या पाळीला निघालेली गाडी दहा मिनिटांत फाटकाशी पोचते, आठ तास उन्हात उभी राहते आणि पुन्हा दहा मिनिटांत घरी येते.

हिशेब करून पाहू. चाळीस अँपिअर-तासांची बॅटरी असलेली मध्यम गाडी घ्या. सेल्फ मारताना दीडशे अँपिअरांपर्यंत प्रवाह जातो हे ऐकून दडपून जाण्याचे कारण नाही, कारण तो दोन सेकंदच जातो आणि प्रत्यक्ष खर्च अँपिअर-तासाच्या बाराव्या हिश्शाएवढाच होतो. खरी गळती गाडी उभी असताना होते. गाडी बंद केल्यावरही घड्याळ, चोरघंटा, कुलपाचा रिमोट ऐकणारे यंत्र आणि इंजिनाचा संगणक मिळून तीस-चाळीस मिलिअँपिअर खेचत असतात, आणि पन्नासपर्यंतचा असा खर्च निर्दोष समजण्याचा शिरस्ता आहे. चाळीस मिलिअँपिअरांच्या दराने दिवसाकाठी जवळपास एक अँपिअर-तास खर्ची पडतो. उलट बाजूस, दहा मिनिटांच्या फेरीत सर्व चालू उपकरणांचा खर्च भागवून अल्टरनेटरने पाच अँपिअर शिलकीत टाकले असे धरले तर एका फेरीत आठदशांश आणि जाऊन-येऊन दीड अँपिअर-तासांहून थोडे अधिक जमा होते. म्हणजे खाते कसेबसे जमेत राहते. पण रात्रपाळीला हेडलाइट, पावसाळ्यात वायपर, उन्हाळ्यात वातानुकूलनाचा पंखा यांपैकी काहीही भर पडली, किंवा रेल्वे फाटकापाशी इंजिन मंद गतीत ठेवून ताटकळत राहावे लागले, की ती जमा शून्यावर येते.

निवृत्त मंडळींची स्थिती याहून बिकट. मुले पुण्याला किंवा बंगळुरूला, घरी दोघेच, आणि गाडी पत्र्याच्या शेडखाली आठवडाभर उभी. रविवारी देवदर्शन आणि भाजी मिळून अर्ध्या तासाची फेरी. आठवड्याचा निर्दोष खर्चच पावणेसात अँपिअर-तासांच्या घरात जातो, रविवारची जमा फार तर पावणेतीन. दर आठवड्याला चारांची तूट पडत गेली तर पाच आठवड्यांत खाते निम्म्यावर येते, आणि त्यातही बॅटरी दोन-तीन वर्षांची झालेली असेल तर निम्म्यावर पोचण्यापूर्वीच सेल्फ फिरेनासा होतो. अशा गृहस्थांच्या तोंडून एक वाक्य हमखास ऐकू येते: नागपूरला जाऊन आलो की पंधरा दिवस गाडी झकास सुरू होते. हे वाक्य म्हणजे अर्धे निदान आहे. अडीचशेहून अधिक किलोमीटरांच्या त्या प्रवासात बॅटरी जाताना भरते आणि येताना पुन्हा भरते. शेवटचा पाचवा हिस्सा भरण्यास तास लागतात, मिनिटे नव्हेत, आणि ते तास तिला एरवी कधी लाभत नाहीत. लांबच्या प्रवासानंतर जी बॅटरी पंधरा दिवस नीट चालते ती सहसा मेलेली नसते; तिला जमा कमी पडत असते. प्रवासाहून परतल्यावर दुसऱ्याच दिवशी जी बसते, तिची चौकशी मात्र वेगळ्या दिशेने करावी लागते.

दुसरा प्रतिकूल घटक हवामान. मे महिन्यात येथील पारा ४५ अंशांना जाऊन भिडतो, बॉनेटखाली त्याहून पुष्कळच अधिक असतो, आणि रासायनिक क्रियांचा वेग साधारणतः दर दहा अंशांना दुप्पट होतो हा नियम बॅटरीतील अनिष्ट क्रियांनाही लागू पडतो. उष्णतेने पाणी उडते, धन पट्ट्यांच्या जाळ्या गंजतात, आणि काही न जोडता ठेवलेली बॅटरीसुद्धा आपोआप अधिक वेगाने उतरते. गंमत अशी की, या हानीची फिर्याद दाखल होते ती डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे, जेव्हा इंजिनाचे तेल घट्ट झालेले असते, बॅटरीची क्षमता थंडीने थोडी उतरलेली असते आणि उन्हाळ्यात झालेली झीज झाकून ठेवण्यास काही वाव उरत नाही. लोक थंडीला दोष देतात. खरा मारेकरी सहा महिन्यांपूर्वीचा उन्हाळा असतो. सबब ज्यांच्या बॅटरीला पाण्याची झाकणे आहेत त्यांनी मार्च ते जून या काळात दर महिन्याला पातळी पाहून डिस्टिल्ड पाणीच घालावे. नळाचे पाणी किंवा ‘जोर यावा’ म्हणून आम्ल घालण्याचा उपद्व्याप करू नये.

आता प्रत्यक्ष तपासाकडे वळू. रात्रभर स्वस्थ उभ्या असलेल्या गाडीचे बॉनेट उघडून, दाराचे दिवे विझल्यावर, मल्टीमीटरच्या दोन काड्या बॅटरीच्या दोन खुंट्यांना लावाव्यात आणि पहिला आकडा टिपून घ्यावा. रात्री धावून आलेल्या गाडीत वरवरचा फुगवटा राहिला असल्याचा संशय असेल तर एक मिनिट हेडलाइट लावून, विझवून, मग मापावे. दुसरा आकडा कोणाकडून तरी सेल्फ मारवून घेताना पाहावा: तो साडेनऊ-दहा व्होल्टांच्या खाली कोसळता कामा नये, आणि पहिला आकडा साडेबारा असूनही दुसरा आठावर येत असेल तर बॅटरीची अंतर्गत शक्ती संपली असे बहुधा समजावे. तिसरा आकडा इंजिन चालू असतानाचा. तो सामान्यतः १३.८ ते १४.५ यांमध्ये असावा, आणि हेडलाइट व पंखा लावल्यावरही साडेतेराच्या फारसा खाली जाऊ नये. तो १२.५ वरच रेंगाळत असेल तर जमा होतच नाही, आणि १५ कडे झेपावत असेल तर जमा इतकी होते आहे की बॅटरी उकळून निघेल. अलीकडच्या काही गाड्यांत इंधन वाचविण्यासाठी संगणक अल्टरनेटरला मधूनमधून विश्रांती देतो, तेव्हा अशा गाडीत एकाच क्षणीचा कमी आकडा पाहून निकाल देणे अन्यायाचे होईल; पाचदहा मिनिटे निरनिराळ्या गतीत आकडा पाहावा.

या तीन आकड्यांच्या आधी, खरे म्हणजे, दोन टर्मिनल डोळ्यांनी पाहायला हवीत. त्यांवर पांढरट-हिरवट भुकटीचा जो फुलोरा येतो तो विजेला अडवितो, आणि पान्याने टर्मिनलला ठोकताच गाडी सुरू होते असा ज्यांचा अनुभव आहे त्यांची बॅटरी निर्दोष असून जोड सैल आहे, हे त्या ठोक्यानेच सांगितलेले असते. खुंटीवर साडेबारा व्होल्ट दिसतात आणि तिला आवळलेल्या पकडीवर सेल्फ मारताना एकदम कमी दिसतात, तर मधल्या कागदाएवढ्या थरात सारी वीज अडकलेली आहे. तीच गत इंजिनापासून गाडीच्या सांगाड्याला जाणाऱ्या अर्थिंगच्या पट्ट्याची. सेल्फ मारताना बॅटरीची ऋण खुंटी आणि इंजिनाचे उघडे धातूचे अंग यांमध्ये दोनदशांश व्होल्टांहून अधिक फरक दिसला तर तो पट्टा गंजलेला असतो. खायचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने जोड धुवावेत, पॉलिश पेपरने घासावेत, घट्ट आवळावेत आणि मग वरून व्हॅसलीन लावावे. सोडताना ऋण टर्मिनल आधी आणि जोडताना ते शेवटी, हा क्रम मोडू नये. धन टर्मिनलवरचा पाना चुकून गाडीच्या अंगाला टेकला तर ठिणग्या उडतात, आणि बॅटरीतून हायड्रोजन वायू निघत असतो.

धुळीचा उल्लेख केलाच पाहिजे. कारखान्याच्या गावातील आणि जी. ई. रोड या हमरस्त्यावरील धूळ बॅटरीच्या माथ्यावर बसते, आम्लाच्या वाफेने ओलसर होते आणि दोन खुंट्यांच्या दरम्यान विजेला चोरवाट करून देते. मल्टीमीटरची काळी काडी ऋण खुंटीला लावून तांबडी काडी बॅटरीच्या प्लास्टिकच्या माथ्यावर नुसती फिरवावी. तेथे अर्धा-एक व्होल्ट दिसू लागला की ओल्या फडक्याचे काम आहे, नव्या बॅटरीचे नव्हे.

जोड स्वच्छ, जमा यथास्थित, बॅटरी फारशी जुनी नाही, आणि तरीही ती दोन दिवसांत बसते, असे झाले म्हणजे चोरटा खर्च शोधावा लागतो. या विषयातील सर्वांत रंजक भाग हाच. सेक्टरातील एका परिचित निवृत्त गृहस्थांच्या छोट्या गाडीचे उदाहरण घ्या. पस्तीस अँपिअर-तासांची बॅटरी, दीड वर्षात दुसरी, सकाळी १२.१ व्होल्ट, इंजिन चालू असताना १४.२. शनिवारी उभी केलेली गाडी सोमवारी सुरू होत नसे. इलेक्ट्रिशियनने बॉनेट उघडे ठेवून दाराची कुलपे स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत ढकलली, म्हणजे गाडीला दारे लागली असे वाटावे. ऋण टर्मिनल सोडून त्या वाटेत मीटर दहा अँपिअरांच्या खुणेवर ठेवून जोडला, सर्वांना चावीला हात लावू नका अशी ताकीद दिली, कारण त्या स्थितीत सेल्फ मारला तर मीटरचा फ्यूज उडतो, आणि मग त्याने जे केले ते पुष्कळ कारागीर करीत नाहीत: तो अर्धा-पाऊण तास चहा पीत बसला. गाडीतील संगणक झोपी जाण्यास तेवढा अवधी लागतो. त्यापूर्वीचा आकडा पाहून धावाधाव करणे व्यर्थ असते. पाऊण तासाने मीटरवर ०.४३ अँपिअर स्थिर झाले. म्हणजे दिवसाला दहा अँपिअर-तासांहून अधिक, आणि दोन दिवसांत बॅटरीचा निम्म्याहून मोठा भाग खलास. फ्यूज एकेक करून काढता काढता आतील दिव्यांचा फ्यूज निघाला आणि आकडा एकदम ०.०३ वर आला.

आतील दिवे तर विझलेले दिसत होते. तेव्हा मोबाइलचा कॅमेरा चालू करून तो डिकीत ठेवला, झाकण लावले आणि थोड्या वेळाने काढून पाहिला, तर बंद डिकीत दिवा लख्ख जळत होता. झाकण लागल्यावर दाबले जाणारे बटण ज्या रबरी ठोकळ्यावर टेकावयाचे, तो ठोकळा झिजून गळून पडला होता. पाच वॅटचा दिवा, ०.४० अँपिअर, हिशेब पैशाला पैसा जुळला. दोन बॅटऱ्यांची किंमत त्या रबराच्या तुकड्याने खाल्ली होती.

प्रत्येक वेळी अपराधी इतका सरळ सापडेल असे नाही. मागाहून बसविलेली म्युझिक सिस्टिम, अँप्लिफायर, डॅशकॅम, गाडीचा माग ठेवणारे जी.पी.एस. यंत्र, चावी बंद केल्यावरही चालू राहणाऱ्या वाटेवर जोडलेला मोबाइलचा चार्जर, यांवर पहिला संशय घ्यावा. गाडीच्या कारखान्यात बसलेल्या तारांपेक्षा बाजारात बसविलेल्या तारा अधिक वेळा दोषी निघतात असे माझे मत आहे, आणि ते बदलण्याजोगा पुरावा अद्याप पाहण्यात आलेला नाही. पावसाळ्यात उबेसाठी बॉनेटखाली शिरणारे उंदीर तारांचे वेष्टण कुरतडतात तेही पाहावे. सर्व फ्यूज काढूनही प्रवाह थांबत नसेल तर अल्टरनेटरकडे वळावे: त्यातील डायोड बिघडला म्हणजे वीज उलट्या वाटेने झिरपते, आणि त्याची जाड तार सामान्य फ्यूजपेटीतून जात नसल्याने फ्यूजच्या शोधात तो सापडत नाही. बॅटरीचे ऋण टर्मिनल सोडून, अल्टरनेटरची ती तार काढून तिचे टोक गुंडाळून ठेवून पुन्हा मापले की उलगडा होतो. नव्या, संगणकबहुल गाडीत फ्यूज उपसत बसण्यापेक्षा डी. सी. मापणारा क्लॅम्प मीटर असलेला कारागीर गाठावा, कारण फ्यूज पुन्हा बसविताना झोपलेली यंत्रे जागी होतात आणि सगळा मोजणीचा खेळ नव्याने मांडावा लागतो.

ज्यांचा दोष केवळ कमी फिरण्याचा आहे त्यांनी रोज सकाळी पाच मिनिटे इंजिन जागच्या जागी चालविण्याची जी प्रथा पाडली आहे ती बंद करावी. मंद गतीत जमा नगण्य होते आणि इंधन मात्र जळते. आठवड्यातून एकदा दुर्ग ओलांडून किंवा रायपूरच्या बाजूने पाऊण तास सलग गाडी चालवावी, अथवा दोन-चार अँपिअरांचा आपोआप थांबणारा चार्जर घेऊन महिन्यातून एकदा रात्रभर लावावा. महिनाभर मुलांकडे जावयाचे असेल तर ऋण टर्मिनल सोडून ठेवावे. घड्याळ मात्र पुन्हा लावावे लागेल. शेजाऱ्याची मदत घेण्याची वेळ आलीच तर तांबडी केबल धनाकडून धनाकडे, काळी केबल चांगल्या बॅटरीच्या ऋणाला, आणि तिचे दुसरे टोक बसलेल्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर, लावावे.

आणि हे सारे पाहूनही बॅटरी खरोखरच संपलेली निघाली, तर नवी घेताना गाडीच्या पुस्तिकेत दिलेली क्षमता आणि प्रकार तोच घ्यावा. इंजिन सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांना साधी स्वस्त बॅटरी चालत नाही. तिच्यावरील उत्पादनाचा महिना दुकानदाराकडून वाचून घ्यावा, कारण भिलाईच्या उन्हाळ्यात सहा महिने फळीवर पडून राहिलेली बॅटरी नवी म्हणता येत नाही. हमीपत्रावर तारीख आणि शिक्का घेतल्याविना दुकानाची पायरी उतरू नये. जुनी बॅटरी भंगारवाल्याच्या हातगाडीवर टाकू नका: तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शिसे असते, उघड्यावर फोडून वितळविलेले ते शिसे आसपासच्या मुलांच्या रक्तात जाते, आणि २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेली बॅटरी परत घेऊन तिची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. ती विक्रेत्याकडेच परत करा आणि तिच्या किमतीची वजावट पावतीवर लिहून घ्या.